ट्रंकेतल्या जुन्या लेन्समधली फास्ट लेन्स कशी ओळखावी?

निपाणीतला काकांचा स्टुडिओ बंद झाल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून तुम्हाला हाताने फोकस करायच्या सहा जुन्या लेन्स मिळाल्या. त्यांतली एखादी 'फास्ट' असली तर ठेवून घे आणि बाकीच्या विकून टाक, असा सल्ला कोणी तरी दिला. त्यावर तुम्ही विचारले आहे की जी लेन्स हाताने फिरवत बसावे लागते ती फास्ट कशी म्हणायची, आणि सहांपैकी फास्ट कोणती ते ओळखायचे कसे. तुमचा स्वतःचा अंदाज असा की सर्वांत मोठी काच असलेली ८०-२०० ची झूम हीच सर्वांत फास्ट असणार. संध्याकाळी दारातल्या उजेडात बिडी वळणाऱ्या बायकांचे आणि रात्रीच्या भजनाचे फोटो काढण्यासाठी तीच लेन्स सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर लावावी, असे तुम्ही ठरवत आणले आहे. मी गेली तीसेक वर्षे बेळगावात कॅमेरे आणि लेन्स उघडून साफ करण्याचे काम करत आहे, आणि हा गैरसमज घेऊन आलेली माणसे दर महिन्याला भेटतात. तुमच्या सहा लेन्समध्ये ती झूम सर्वांत मंद आहे.

'फास्ट' या शब्दाचा फोकसच्या वेगाशी काही संबंध नाही. लेन्स जितका जास्त उजेड आत घेते तितका वेळ शटर कमी उघडे ठेवावे लागते, म्हणून तिला फास्ट म्हणतात. वेग आहे तो शटरचा. जुन्या काळी प्लेटा आणि फिल्म उजेडाला फार मंद होत्या, त्यामुळे घरात फोटो काढायचा तर माणसाला पुतळ्यासारखे बसवावे लागे. १९२४ साली जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा छोटा प्लेट कॅमेरा एफ २ च्या एर्नोस्टार लेन्ससह आला, आणि एरिख सॉलोमन या वृत्तछायाचित्रकाराने तो घेऊन न्यायालयात आणि परिषदांच्या बंद दालनांत फ्लॅशशिवाय फोटो काढले. ती लेन्सही हातानेच फोकस करायची होती.

आता आकड्याकडे येऊ. लेन्सवरचा एफचा आकडा हा एक साधा भागाकार आहे. लेन्सची फोकल लांबी, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा लेन्सपासून जितक्या मिमीवर उमटते ते अंतर, घ्यायची आणि तिला, समोरून पाहिल्यावर दिसणाऱ्या पूर्ण उघड्या छिद्राच्या व्यासाने भागायचे. ५० मिमीच्या लेन्सचे छिद्र सुमारे ३६ मिमी असेल तर उत्तर १.४ येते आणि २५ मिमी असेल तर २ येते. आकडा जितका लहान तितकी लेन्स फास्ट. १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या ओळीतली प्रत्येक पायरी उतरताना उजेड निम्मा होतो, आणि या एका पायरीला आपण 'स्टॉप' म्हणतो. म्हणजे १.४ ची लेन्स २ च्या दुप्पट आणि ५.६ च्या सोळा पट उजेड देते. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमलबस्ती तुम्ही पाहिली असेल तर मंडपाच्या छताला उमललेले ते दगडी कमळ किती अंधारात आहे हे तुम्हाला आठवेल. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम ५० मिमीच्या आसपास साधारण ५.६ वर असते. समजा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) १६०० ला तिथे तुम्हाला १/८ सेकंद मिळाला, तर हाताने धरलेल्या कॅमेऱ्यात कमळाच्या पाकळ्या हलणारच. त्याच जागी, त्याच आयएसओला, १.४ ची लेन्स पूर्ण उघडली तर १/१२५ सेकंद मिळतो आणि पाकळ्यांच्या कडा जागेवर राहतात.

हा भागाकार ध्यानात ठेवून तुम्ही पाठवलेली यादी पुन्हा पाहा. झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस-४४-२ ही ५८ मिमी एफ २ आहे, म्हणजे तिचे छिद्र २९ मिमीचे. याशिकाची डीएसबी ५० मिमी १.९ आहे, छिद्र सुमारे २६ मिमी. चहासारखी पिवळट काच असलेली सुपर-टाकुमार ५० मिमी १.४ आहे, छिद्र सुमारे ३६ मिमी. निक्कोर-क्यू १३५ मिमी ३.५ आहे, आणि तिचे छिद्र ३८ मिमीहून थोडे जास्तच भरते. झूमवर ४.५ लिहिले आहे, म्हणजे २०० मिमीला तिचे छिद्र ४४ मिमीचे होते. पाहा, झूमचे छिद्र टाकुमारपेक्षा मोठे आहे आणि तरीही टाकुमार तिच्या सुमारे दहा पट उजेड देते. फोकल लांबी वाढली की तोच उजेड जास्त लांबवर पसरवायचा असतो, त्यामुळे तेवढाच वेग मिळवायला काच फार मोठी करावी लागते. काचेच्या आकारावरून वेग ठरवणे म्हणजे घागरीच्या पोटावरून विहिरीचे पाणी मोजणे. याशिकाचे १.९ आणि हेलिओसचे २ यांतला फरक मात्र इतका किरकोळ आहे की तो फोटोत कधीच दिसणार नाही, त्यासाठी एकीला दुसरीहून वरची मानू नका.

सहावी लेन्स, जिचे पुढचे नावाचे कडे निघून गेले आहे आणि जिचे छिद्र फुटपट्टीने ४८ मिमी भरले असे तुम्ही लिहिले आहे, ती मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते. ती १३५ मिमीची असेल तर २.८ ची आहे आणि २०० मिमीची असेल तर ४ ची आहे. छिद्र तेच, वेगात पूर्ण एका स्टॉपचा फरक. तेव्हा आधी फोकल लांबी शोधली पाहिजे, आणि ते घरी सहज होते. गच्चीवर जा, लांबवरची एखादी पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर निवडा, टाकुमार लावून अनंतावर फोकस करून एक फोटो घ्या आणि त्याच जागेवरून या बिनकड्याच्या लेन्सने दुसरा. संगणकावर दोन्ही फोटोंत टाकीची रुंदी मोजा. दुसऱ्या फोटोत ती २.७ पट आली तर लेन्स १३५ मिमीची, चौपट आली तर २०० मिमीची. दूरच्या वस्तूची प्रतिमा फोकल लांबीच्या प्रमाणात वाढते, म्हणून हे मोजमाप चांगले विश्वासार्ह आहे.

छिद्राचे मापही एकदा नीट घ्या. अपर्चरची, म्हणजे छिद्र लहानमोठे करणारी, रिंग सर्वांत लहान आकड्यावर ठेवा, पाती पूर्ण उघडली आहेत याची खात्री करा, मागून पांढऱ्या कागदाचा उजेड पडू द्या आणि स्टीलची फुटपट्टी पुढच्या काचेच्या कडेवर आडवी ठेवा. काचेला पट्टी टेकू देऊ नका. मग डोळा जवळ नेऊन न वाचता आठ-दहा फुटांवरून मोबाइलने झूम करून फोटो काढा आणि त्या फोटोत माप वाचा. कारण दिसणारे छिद्र प्रत्यक्षात लेन्सच्या आत खोलवर असते, पट्टी त्याच्या पुढे असते, आणि जवळून पाहिले की ते खऱ्यापेक्षा लहान दिसते. तुमचे ४८ कदाचित ५० असेल, आणि मग २०० मिमी एफ ४ कडे पारडे झुकेल. मोजल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

ज्यांचे कडे शाबूत आहे त्यांच्यावरचे लिखाण वाचण्याचीही एक पद्धत आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. वेग बहुतेकदा गुणोत्तराच्या रूपात लिहिलेला असतो, म्हणजे एकास १.४, एकास दोन असा, आणि त्याच्या शेजारी फोकल लांबी. जुन्या जर्मन आणि रशियन लेन्सवर ही लांबी कधी सेंटिमीटरमध्ये असते, तेव्हा ५.८ दिसले तर तो ५८ मिमी समजावा. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, त्यानेही गोंधळू नका. शून्यावर तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढचा ४९, ५२ किंवा ५५ हा फिल्टरच्या आट्यांचा व्यास असतो. तो फोकल लांबी समजून ५२ मिमीची लेन्स विकायला काढलेली मी कितीदा पाहिली आहे. तुमच्या झूमवर 'मॅक्रो' शब्दापुढे एकास चार असे जे लिहिले आहे ते वस्तू आणि तिच्या प्रतिमेच्या आकारांचे गुणोत्तर आहे, वेगाचे नव्हे. काकांच्या स्टुडिओत दोन डोळ्यांचा याशिका मॅट १२४ जी सापडला असता तर आणखी एक फसवणूक झाली असती, कारण त्याच्या वरच्या, केवळ पाहण्याच्या लेन्सवर २.८ असते आणि फोटो काढणारी खालची लेन्स ३.५ ची असते.

अक्षरांचाही घोळ होतो. तुमच्या निक्कोरवरचा 'क्यू' पाहून ती 'क्वालिटी'ची खास लेन्स असेल असे तुम्ही लिहिले आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या निक्कोरवर हे अक्षर आत किती भिंगे आहेत ते सांगते: क्यू म्हणजे चार, पी म्हणजे पाच, एच म्हणजे सहा, एस म्हणजे सात. ही अक्षरे लॅटिन आणि ग्रीक अंकांच्या नावांवरून घेतलेली आहेत. त्यामुळे ५० मिमी १.४ च्या निक्कोरवर एस दिसतो आणि २ च्या लेन्सवर एच. तुमच्या १३५ च्या लेन्समध्ये चार भिंगे आहेत एवढाच त्या क्यूचा अर्थ, आणि तेवढ्या भिंगांत तिने जे काम केले आहे ते उत्तम आहे. 'एमसी' ही अक्षरे बहुतेक कंपन्यांच्या लेन्सवर काचेवरच्या अनेक थरांच्या लेपासाठी येतात, पण मिनोल्टाच्या जुन्या रोक्कोरवर तीच अक्षरे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या जोडणीसाठी आहेत. या अक्षरांचा वेगाशी संबंध नाही. नावांचा मात्र काही ठिकाणी असतो. लायकाची समिलक्स बहुधा १.४ ची आणि समिक्रॉन २ ची असते, नॉक्टिलक्स हे नाव त्याहून फास्ट लेन्सला राखलेले आहे, आणि कोसिनाच्या फोक्टलेंडर लेन्समध्ये नॉक्टॉन हे नाव फास्ट लेन्सला मिळते. सीमाभागातल्या जुन्या स्टुडिओंच्या ट्रंकांत लायका क्वचितच निघते. निघतात त्या झेनिट, प्राक्टिका, याशिका, पेंटॅक्स आणि निकॉन, आणि त्यांच्यासाठी कड्यावरचा आकडाच वाचावा लागतो.

आता ज्या भागाविषयी मला तुम्हाला कळकळीने सांगायचे आहे तिथे येतो. एफचा आकडा ही भूमितीची गोष्ट आहे. काच स्वच्छ आहे की नाही हे तो सांगत नाही. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मी एकदा ५५ मिमी १.२ ची लेन्स टपालाने मागवली होती. 'काच निर्मळ' असे लिहून आलेली ती लेन्स मी त्याच आठवड्यात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला घेऊन गेलो. रात्री घरी येऊन पाहिले तर प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ वलय होते, मावळ्यांच्या फेट्यांचा केशरी रंग धुतल्यासारखा फिका पडला होता आणि चेहऱ्यांवरच्या सावल्या राखाडी झाल्या होत्या. आतल्या एका भिंगावर संपूर्ण धूसर थर बसलेला होता, जो दिवसाउजेडी समोरून पाहताना दिसत नव्हता. त्याच मिरवणुकीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने साध्या हेलिओसने काढलेले फोटो माझ्यापेक्षा कितीतरी सरस आले. स्वच्छ एफ २ ही धूसर १.२ पेक्षा नेहमीच उपयोगी असते, आणि तेव्हापासून मी कड्यावरचा आकडा वाचण्याआधी बॅटरी हातात घेतो.

तुम्हीही तसेच करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, बॅटरी मागच्या काचेकडून तिरकी धरा आणि समोरून आत पाहा. मग बाजू बदला. धुळीचे कण चमकतील, त्यांची काळजी करू नका, तीस-चाळीस वर्षांच्या प्रत्येक लेन्समध्ये ते असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या बारीक मुळांसारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखे धुके दिसले तर तो थर बहुधा आतल्या ग्रीसमधून उडालेल्या तेलाचा असतो आणि अनेकदा निघतो. काचेच्या कडेने इंद्रधनुषी चकाकी किंवा फेसासारखे डाग दिसले तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटला आहे, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात दुसरी लेन्स येईल. पुढच्या काचेवरच्या एक-दोन बारीक ओरखड्यांना मी फारशी किंमत देत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र फोटोत उतरतो, म्हणून तिथे डोळा जास्त वेळ ठेवा.

बुरशीबद्दल आपल्या भागात जास्त बोलावे लागते. निपाणीची हवा त्यातल्या त्यात कोरडी आहे, पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या लेन्स पावसाळ्यानंतर मी उघडतो तेव्हा दहा-दहा वर्षांची बुरशी काचेवर मुळे धरून बसलेली असते. ती वेळेवर पुसली तर जाते. फार काळ राहिली तर तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरचा लेप आणि मग काचही खाते, आणि तो डाग कायमचा राहतो. चामड्याची मूळ पेटी कितीही देखणी असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. डब्यात तांदूळ घालण्याची जी पद्धत घरोघरी सांगितली जाते ती कृपा करून पाळू नका. त्याने ओल तितकीशी जात नाही आणि पिठाची धूळ मात्र फोकसच्या आट्यांत शिरते.

तुमच्या टाकुमारचा पिवळेपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि ती घाण नाही. सात भिंगांच्या या ५० मिमी १.४ लेन्समध्ये मागच्या बाजूला थोरियम मिसळलेली काच वापरलेली आहे. थोरियम अत्यल्प प्रमाणात किरणोत्सर्गी असतो आणि वर्षानुवर्षे त्याच्याच किरणांनी ती काच तपकिरी होत जाते. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात भीतीचे कारण नाही, पण काच घासू नका आणि तिला डोळ्याला लावायचे भिंग म्हणून वापरू नका. पिवळ्या काचेतून कमी उजेड पार होतो, त्यामुळे कड्यावर १.४ लिहिलेले असूनही प्रत्यक्षात ती थोडी मंद चालते. सिनेमावाले लेन्सवर एफऐवजी टीचा आकडा लिहितात तो याच कारणासाठी, कारण त्यात प्रत्यक्ष पार झालेला उजेड मोजलेला असतो. अतिनील किरणांच्या एलईडी दिव्याखाली मागची काच दिव्याकडे करून काही दिवस सलग ठेवली की हा रंग बराच उतरतो. त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. उन्हातही हे होते, पण लेन्स उन्हात ठेवून विसरलात तर ती भिंगासारखी काम करून खालचे कापड पेटवू शकते, आणि तापल्यामुळे ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येते. मी दिव्याचाच मार्ग धरतो.

काचेनंतर हातांनी तपासायच्या दोन गोष्टी आहेत. पाती उघडझाप करताना चटकन हलली पाहिजेत आणि त्यांच्यावर तेलाची चकाकी नसावी. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोण्यातून फिरल्यासारखी एकसारखी फिरली पाहिजे. मध्येच सैल, मध्येच जड लागली तर आतले ग्रीस सुकले आहे. फास्ट लेन्समध्ये हे फार महत्त्वाचे आहे. तुमच्या छोट्या, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी १.४ ने एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा असतो. डोळा स्पष्ट आला की कान गेला. दीड मीटरवर तो पट्टा पाच सेंटिमीटरच्या आसपास होतो. रिंग अडखळत फिरत असेल तर एवढ्या बारीक पट्ट्यावर हात थांबणार कसा?

सोनीवर लावण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. प्रत्येक माउंटमध्ये, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याच्या रचनेत, लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांतले अंतर ठरलेले असते. टाकुमार आणि हेलिओसच्या ४२ मिमी आट्यांच्या माउंटमध्ये ते ४५.४६ मिमी आहे, निकॉनमध्ये ४६.५, याशिकाच्या तुमच्या माउंटमध्ये ४५.५ आणि सोनीच्या मिररलेसमध्ये फक्त १८. उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस मिमी अंतर भरून काढणारी रिकामी नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते आणि नसावी. तुम्हाला तीन लागतील: एक आट्यांचा, एक याशिकाचा आणि एक निकॉनचा. बिनकड्याच्या लेन्सलाही आटे आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा पहिलाच अडॅप्टर तिला चालेल. झूमचा माउंट तुम्ही कळवलेला नाही, पण तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर घेऊ नका असेच मी सुचवीन. अडॅप्टर मिळाल्यावर दूरच्या डोंगरावर फोकस करून पाहा. आमच्याकडे राजहंसगड दिसतो, तुमच्याकडे जे टेकाड दिसत असेल ते घ्या. रिंग अनंतावर टेकूनही डोंगर धूसर राहिला तर अडॅप्टर जाड आहे, तो परत करा. कॅमेऱ्यात 'लेन्स नसताना शटर' चालू करावे लागते, नाही तर बटण दाबून काहीच होणार नाही. टाकुमारच्या बाजूला ऑटो आणि मॅन्युअल अशी छोटी खिट्टी आहे, ती मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे रिंग फिरवताच पाती हलतील. हेलिओस-४४-२ ला अशी खिट्टी नाही. तिला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एकीने मर्यादा ठरवायची आणि दुसरीने पाती उघडझाप करायची. ही दुहेरी पद्धत सुरुवातीला विचित्र वाटते, पण भजनाच्या वेळी उघड्यावर फोकस करून नजर न हलवता बंद करायला तीच सोयीची पडते.

फोकस करताना स्क्रीनवर कडा रंगवून दाखवण्याची जी सोय असते तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. उघड्या लेन्सवर ती जितका भाग स्पष्ट असल्याचे दाखवते तितका खरोखर नसतो. प्रतिमा मोठी करून पापणीच्या केसांवर फोकस करा, आणि ज्या अपर्चरला फोटो काढायचा त्याच अपर्चरला करा, कारण काही जुन्या फास्ट लेन्समध्ये पाती मिटवताच फोकसची जागा किंचित सरकते. बिडी वळणाऱ्या बाईचे हात सतत हलतात पण चेहरा बराच वेळ एका अंतरावर राहतो, म्हणून चेहऱ्यावर फोकस धरून हात अंधुक होऊ दिले तरी फोटोत कामाची लय उतरते. त्यांना आधी विचारा, दोन दिवस नुसते बसा, मग कॅमेरा काढा. भजनात मृदंगवाला मान हलवतो, त्याच्या मागे रिंग फिरवत धावू नका. त्याची मान ज्या जागी परत येते तिथे फोकस धरून थांबा आणि मान तिथे आली की बटण दाबा.

विकण्याविषयी माझे मत असे आहे. झूम विका. निक्कोर-क्यू दिवसाच्या कामाला फार चांगली आहे, तिची काच स्वच्छ निघाली तर ठेवा, मात्र ती जुन्या पद्धतीची आहे आणि निकॉनच्या अनेक डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर) थेट लावल्यास बॉडीवरची कळ मोडू शकते, हे विकत घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. हेलिओस आणि याशिका यांची बाजारात इतकी रेलचेल आहे की त्यांतून पैसे फारसे येणार नाहीत. हेलिओसने मागची झाडेपाने गोल फिरल्यासारखी येतात, ते तुम्हाला आवडले तर तिच्यावरच हात बसवा, कारण ती १.४ पेक्षा एकच स्टॉप मंद आहे आणि तिच्यावर चुका थोड्या झाकल्या जातात. टाकुमारचा निर्णय पिवळेपणा उतरेपर्यंत घेऊ नका. दिव्याखाली ठेवण्याआधी लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात मोबाइलने एक फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कागदावर, त्याच खिडकीशी, त्याच वेळी दुसरा काढा. ते दोन फोटो, बॅटरीने आत पाहिलेल्या काचेचा एक आणि बिनकड्याच्या लेन्सने काढलेल्या टाकीचा एक, असे चार फोटो मला पाठवा. टाकुमारची फोकस रिंग जड लागत असेल तर तेही लिहा. ते ग्रीस बदलायला मला अर्धा दिवस लागतो, आणि पावसाळा सुरू होण्याआधी ते काम झालेले बरे.